एक पट्टी, एक धुलाई

४ मार्च, सोमवार

साबणाच्या कंपनीने डायरी फुकट दिली, ती दोन महिने कोरीच पडली होती. सकाळी लाँड्री उघडल्यावर पाणी तापायला पस्तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात रोज चार ओळी लिहाव्यात म्हटलं. आता लिहायला बसले तर सुचत काही नाही. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आहेत, हे रोज उठून काय लिहायचं.

बँकेच्या दारावर कागद लावलाय. यंत्रणेच्या दुरुस्तीसाठी तीन दिवस व्यवहार बंद. आमच्याच जिन्यात राहणारा कॅशियर त्या बँकेत आहे. तो सकाळी घरातल्या चपलांवर खाली फिरत होता. विचारलं तर म्हणाला, "तीनच दिवस, वहिनी," आणि मान खाली घालून निघून गेला. माझ्या गल्ल्यात आठ नोटा आणि मूठभर चिल्लर आहे. तीन दिवस कसेही निघतील.

९ मार्च, शनिवार

निघाले नाहीत. कागद बदललाय, आता "पुढील सूचनेपर्यंत" लिहिलंय. कार्ड चालत नाही, फोनवरून पैसे जात नाहीत, आणि ज्यांच्याकडे नोटा आहेत त्यांनी त्या कपाटात दडवल्यात. कपडे मात्र मळायचे थांबलेले नाहीत. सगळे म्हणतात, लिहून ठेवा. मी लिहून ठेवते.

पण मला दूध लागतं, तिथे घोडं अडलं. दूधवालीचे महिन्याचे द्यायचे होते. ती म्हणाली, "पैसे नाहीत तर नाहीत. माझ्या चादरी धुऊन दे." म्हटलं, आण. तर म्हणे, "आत्ताच कुठून आणू? चादरी अजून चांगल्या आहेत." शेवटी कपड्यांना खुणेसाठी टाचतो ती पांढरी पट्टी घेतली, न पुसणाऱ्या शाईने त्यावर लिहिलं, 'एक पट्टी, एक धुलाई', खाली सही केली. अशा पाच दिल्या. तिने पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि पदरात... नाही, पाकिटात ठेवली. पदर आता राहिलाय कुणाला.

११ मार्च, सोमवार

आज पाववाला कपड्यांचं गाठोडं घेऊन आला आणि माझीच पट्टी माझ्यापुढे ठेवली. दूधवालीने त्याच्याकडून पाव घेतले आणि पट्टी दिली म्हणे. मग त्याचे कपडे मशीनमध्ये टाकले. लिहिलंय तर धुवायला हवेत.

इस्त्रीवाली मावशी हसून म्हणाली, "बाई, तुम्ही नोटा छापायला लागलात." मी म्हटलं, इस्त्रीकडे बघ, कॉलर पिवळी पडतेय.

१४ मार्च, गुरुवार

सासूबाईंनी पट्टी हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "ही कुणीही लिहील. तुझी कशावरून?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी सुई मागितली, निळा दोरा मागितला, आणि पट्टीच्या कोपऱ्यात एक टाका घातला. त्यांच्या आईकडून त्यांना आलेला टाका आहे, दोन्ही बाजूंनी एकसारखा दिसतो आणि गाठ कुठेच सापडत नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला शिकवायला बसल्या होत्या, मी चौथ्या दिवशी हात टेकले. "हा टाका ह्या रस्त्यावर कुणाला येत नाही," म्हणाल्या. आता मी लिहिते आणि त्या टाके घालतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, सुईत दोरा मात्र अजून एका झटक्यात ओवतात.

एवढं सगळं करतात, पण स्वतःचे कपडे आजही मोरीत बसून हातानेच धुतात. बारा वर्षांत एक रुमालसुद्धा माझ्या मशीनमध्ये घातलेला नाही. घरची सून लोकांचे मळके कपडे धुते, हे त्यांना अजून पचलेलं नाही, दुसरं काय. तोंडाने कधी बोलत नाहीत. मोरीतून धोपटण्याचा आवाज आला की मला मात्र तो बोलण्यासारखाच लागतो.

१८ मार्च, सोमवार

दूधवाली आज सरळ विचारती झाली. "अगं, माझ्याकडे तीस पट्ट्या झाल्या. तू उद्या आजारी पडलीस तर मी त्यांचं काय करू? पोतेरं करू?"

मी आजारी पडणार नाही म्हटलं. ती म्हणाली, "तुझा नवरापण असंच म्हणायचा."

बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. पण मुद्दा खरा होता. दुपारभर तेच डोक्यात. आणि मग बांगड्या आठवल्या. हे गेले त्या वर्षी सासूबाईंनी त्यांच्या सहा सोन्याच्या बांगड्या डबीत घालून माझ्या हातात दिल्या होत्या. "तुझ्या आहेत, पण मोडायच्या नाहीत आणि घालून फिरायचंही नाही." मी ना मोडल्या ना घातल्या. बारा वर्षं डबी कपाटात आहे. त्या दुकानाच्या खिडकीत काचेच्या बरणीत ठेवल्या, तर लोकांना दिसेल की पट्टीमागे काहीतरी आहे.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांच्या हातातली सुई थांबली. मग म्हणाल्या, "दाखवायला ठेव. पण कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत. सोनाराच्या तर नाहीच." म्हातारपणी माणूस संशयी होतं.

१९ मार्च, मंगळवार

बटणांची बरणी धुऊन पुसून त्यात बांगड्या ठेवल्या. खिडकीला आतून जाळी आहेच. दिवसभर लोक थांबून बघत होते. दूधवाली म्हणाली, "हं, आता कसं."

सोनारकाकाही थांबले. समोरच्या रांगेत शेवटचं दुकान त्यांचं. ते बरणीकडे इतका वेळ बघत होते की मीच विचारलं, "काका, किती होतील ह्यांचे?" म्हणाले, "भाव रोज बदलतो, सूनबाई. बरणीचं झाकण घट्ट लाव." आणि गेले. हल्ली कुणी सोनं विकायला येत नाही आणि घ्यायला तर नाहीच, म्हणून चेहरा तसा झाला असेल.

संध्याकाळी बरणी घरी न्यायला निघाले तर सासूबाई म्हणतात, "राहू दे गं तिथेच. कोण नेतंय." गेल्या वर्षी एक चमचा हरवला तर तीन दिवस घर उलटंपालटं केलं होतं ह्याच बाईने. मला कधीकधी त्यांचं काही कळत नाही.

२२ मार्च, शुक्रवार

थकले. पट्ट्या सगळीकडे चालतात. साबणवाल्याने साबण पट्ट्यांवर दिला. भाजीवाला घेतो, न्हावी घेतो, डॉक्टरांच्या दवाखान्यात टेबलावर पट्ट्यांची थप्पी होती. मावशीने पगाराची उचल मागितली, तिच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलंय. दहा पट्ट्या नव्या लिहिल्या आणि दिल्या. महिन्याभरात कामातून फिटतील.

कॅशियर तेव्हा तिथेच उभा होता. रिकामाच असतो बिचारा, रोज एक शर्ट घेऊन येतो आणि तासभर बसतो. तो म्हणाला, "वहिनी, आत्ता तुम्ही काय केलंत माहिती आहे? बँक करते तेच."

"मी उचल दिली."

"कशातून दिलीत? तुमच्याकडे दहा पट्ट्या होत्या का?"

"नव्हत्या. लिहिल्या."

"तेच. लोकांना वाटतं, बँकेत त्यांनी ठेवलेल्या नोटा कपाटात तशाच असतात. बँक कर्ज देते तेव्हा खात्यावर आकडा लिहिते. आधी नव्हता तो पैसा लिहिल्याबरोबर होतो. मावशीने काम केलं की तो फिटतो आणि नाहीसा होतो."

"पण नोटेमागे सोनं असतं ना? सरकारकडे?"

तो माझ्या बरणीकडे बघून हसला. "एके काळी असायचं. नोट द्या आणि सोनं न्या, असा करार होता. तो करार मोडून जमाना झाला. तळघरात थोडं सोनं अजून असतं, पण नोट दिली म्हणून ते मिळत नाही."

"मग काय मिळतं?"

"दुसरी नोट. आणि सरकार कर त्याच नोटांत घेतं, म्हणून त्या सगळ्यांना लागतात. बाकी काय, तुम्ही घ्याल असं मला वाटतं, आणि मी घेईन असं तुम्हाला."

मी म्हटलं, हे तर हवेत बांधलेलं घर झालं. तो म्हणाला, "हो, पण राहतोय ना सगळे त्यात." निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. माझ्या पट्टीमागे सहा बांगड्या आहेत, मला तेवढं पुरे.

२६ मार्च, मंगळवार

आज हिशेब केला. बाहेर चारशे बारा पट्ट्या आहेत. मोठं मशीन दिवसाला दहा धुलाया काढतं, छोटं चार. म्हणजे उद्या सगळ्यांनी कपडे आणले तर महिना जाईल. पण सगळे एकदम कशाला आणतील.

मोठं मशीन नसतं तर ह्यातलं काहीच जमलं नसतं. हे गेले त्याच वर्षी घेतलं. ह्यांच्या कंपनीने पाकीट दिलं होतं, सासूबाई स्वतः जाऊन घेऊन आल्या होत्या. चारच वर्षं नोकरी झालेल्या माणसाच्या घरच्यांना एवढी रक्कम देणारी कंपनी हल्ली कुठे असते. मी तेव्हा आभाराचं पत्र लिहायला बसले होते, पण सासूबाई म्हणाल्या, कंपनी बंद पडली. पाकीट अजून जपून ठेवलंय. कोपऱ्यात लहानसा तराजू छापलेला आहे, कंपनीची खूण असणार. दर वर्षी त्या दिवशी मी त्या न पाहिलेल्या लोकांचे मनातल्या मनात आभार मानते.

३० मार्च, शनिवार

मोठ्या मशीनचा पट्टा तुटला. दुपारी, भरलेल्या पाण्यासकट. डॉक्टरांचे डगले आतच अडकले, ते मी आणि मावशीने हाताने ओढून काढले आणि बादलीत पिळले. माझ्या बोटांतून रक्त आलं तर मावशी म्हणाली, "डगल्याला लावू नका, रक्ताचा डाग जात नाही." तेही खरंच.

मेकॅनिक सोमवारी येतो म्हणाला.

१ एप्रिल, सोमवार

मेकॅनिक आला. नुसता पट्टा नाही, आतली चकतीही गेलीय. त्याला सामान दुसऱ्या गावाहून आणावं लागणार, आणि तिकडे आपल्या पट्ट्या कोण घेणार. "नोटा द्या, नाहीतर सोनं-चांदी द्या. माझाही नाइलाज आहे, ताई." नोटा माझ्याकडे तीन उरल्यात.

छोट्या मशीनवर दिवसभरात चार धुलाया झाल्या. कट्ट्यावर एकवीस गाठोडी पडून आहेत.

२ एप्रिल, मंगळवार

सकाळी दुकान उघडायला आले तर रांग कोपऱ्यापर्यंत होती. मशीन बंद पडल्याचं सगळीकडे झालंय. प्रत्येकाच्या हातात गाठोडं, प्रत्येकाच्या मुठीत पट्ट्या. न्हावी दुकानातले सगळे टॉवेल घेऊन आला. पाववाल्याने गाद्यांच्या खोळी उसवून आणल्या. एका बाईच्या गाठोड्यात बाळाची झबली होती, तिचा मुलगा आता कॉलेजात आहे. कपाटातले घडी केलेले कपडे काढून आणलेत लोकांनी, घड्यासुद्धा मोडलेल्या नाहीत. धुतलेलेच कपडे धुवायला आणलेत, फक्त पट्टी संपवायची म्हणून.

आधी हसू आलं. मग कळलं की हे थांबणार नाही.

कॅशियर रांगेतून पुढे आला. त्याच्या हातात काही नव्हतं. हळूच म्हणाला, "वहिनी, आमच्याकडेही बँक बंद व्हायच्या आधी असंच झालं."

"तुमची यंत्रणा बिघडली होती ना?"

"यंत्रणा चांगली आहे," तो म्हणाला. "सगळे एकाच दिवशी आले."

महिनाभर हे त्याने पोटात ठेवलं होतं. मला त्याच्यावर चिडायलाही त्राण नव्हतं. सासूबाई दुपारी आपण होऊन दुकानात आल्या, कट्ट्यामागे बसल्या आणि एकेक गाठोड्यावर नंबर टाचायला लागल्या. बारा वर्षांत त्या दुकानात कामाला कधी बसल्या नव्हत्या.

३ एप्रिल, बुधवार

एकशे चाळीस गाठोडी. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. दूधवाली म्हणाली, उद्यापासून पट्टी घेणार नाही. तिने नाही घेतली की पाववाला घेणार नाही, मग कुणीच नाही. मावशीने चार आठवडे पट्ट्यांवर काम केलंय. तिच्या मुलीच्या दवाखान्याचं काय?

ठरवलं. दोन बांगड्या मोडते. सासूबाईंना विचारत बसले तर नाही म्हणतील, म्हणून विचारत नाही.

४ एप्रिल, गुरुवार

आज काय काय झालं ते नीट लिहिते.

बरणी पिशवीत घालून सोनारकाकांकडे गेले. म्हटलं, दोन बांगड्या घ्या, मेकॅनिकला चांदी द्यायचीय. ते म्हणाले, "आज तोलकाटा बिघडलाय." मी म्हटलं, अंदाजाने द्या. तर म्हणाले, "आज भाव पडलाय, पुढच्या आठवड्यात बघू." मी म्हटलं, "काका, पुढच्या आठवड्यापर्यंत माझं दुकान राहणार नाही. पडलेल्या भावाने घ्या, पण घ्या."

त्यांनी उठून दार ओढून घेतलं. काळा दगड काढला, त्यावर बांगडी घासली, रेघ उमटली. बाटलीतलं तेजाबाचं एक टिपूस त्यावर टाकलं. रेघ जागच्या जागी विरून गेली.

"पितळ आहे," ते म्हणाले. "वर सोन्याचं पाणी. मीच केल्यात ह्या."

मी काहीतरी विचारलं असणार, कारण ते पुढे सांगत गेले. "खऱ्या बांगड्या मीच घेतल्या. बारा वर्षं झाली. तुझी सासू इथे, ह्याच स्टुलावर बसली होती. नोटा मोजून दिल्या तर ठेवायला तिच्याकडे काही नव्हतं, मग मीच पाकीट दिलं. म्हणाली, दुसऱ्या करून द्या तशाच, सुनेला द्यायच्यात, नाहीतर ती मशीन परत करील."

काउंटरच्या कोपऱ्यात पाकिटांचा गठ्ठा होता. प्रत्येक पाकिटावर लहानसा तराजू.

बारा वर्षं मी कुणाचे आभार मानत होते? आणि त्या मोरीत बसून कपडे धोपटत होत्या, तेव्हा मी काय काय मनात आणत होते त्यांच्याबद्दल. लाज वाटली. अजून वाटतेय.

मग दुसरी भीती आली. म्हटलं, "काका, चारशे पट्ट्या पितळेवर दिल्या मी लोकांना. ही फसवणूक झाली."

त्यांनी खण उघडला. आत माझ्या पट्ट्या होत्या, नीट रबर लावून. सत्तावीस. तुटलेली अंगठी डाग देऊन सांधून, साखळीचा फासा बसवून त्यांनी त्या घेतलेल्या. "मला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं," म्हणाले. "तरी घेतल्या ना मी? ह्यावर काय लिहिलंय? एक धुलाई. सोनं देईन असं कुठे लिहिलंय? मी आधी टाका बघतो. टाका घालणारी बाई मला माहीत आहे, आणि धुणारीही."

मेकॅनिकला त्यांनीच बोलावून घेतलं. म्हणाले, "सामानाचे पैसे म्हणून हिच्याकडच्या पंधरा पट्ट्या घे. तिकडे कुणी नाही घेतल्या तर माझ्याकडे आण, चांदी मोजून देतो." मेकॅनिकने बरणीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि पट्ट्या खिशात घातल्या.

घरी आले तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. मी बरणी समोर ठेवली. त्यांनी एकेक बांगडी उचलून पाहिली. घासलेली सापडली, तिच्यावरून अंगठा फिरवला.

"घासलीस."

"हो."

"सांगितलं होतं, सोनाराकडे नेऊ नकोस."

"आई, मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मशीन ठेवलं असतंस?"

"नसतं ठेवलं."

"मग." त्यांनी भाजीची काडी मोडली. "मुलगा गेला होता. तू खोलीतून बाहेर येत नव्हतीस. बांगड्या घेऊन काय करायचं होतं मला, त्यांच्याशी बोलायचं होतं?"

मी रडले. त्या म्हणाल्या, "पुरे, भाजीत मीठ वेगळं घालायचं असतं." मग आम्ही दोघींनी मिळून राहिलेली भाजी निवडली.

५ एप्रिल, शुक्रवार

मेकॅनिक पहाटेच जाऊन सामान घेऊन आला आणि नऊच्या आत मशीन जोडलं. रांग कालच्याइतकीच होती. बरणी मी नेली नव्हती. नेली असती तर चाललं असतं, लोकांना ती बघायची सवय झाली होती. पण एवढ्या माणसांशी दिवसभर खोटं वागायचं म्हणजे ताकद लागते, ती माझ्यात उरली नव्हती.

दूधवाली पहिली. ती पडदे घेऊन आली होती, घडी घातलेले. तिने खिडकीकडे बघितलं. "बरणी कुठाय?"

"घरी. ते पितळ आहे."

मागची कुजबुज थांबली. मी म्हटलं, "मलाही काल कळलं. सोनं बारा वर्षांपूर्वीच विकलं होतं. त्यातून हे मशीन आलं. बरणीत काही नव्हतं. आता ज्याला धुवून न्यायचं असेल त्याने न्या, मी धुते. वेळ लागेल, पण एकूणएक धुते."

आत मोठं मशीन फिरायला लागलं होतं, त्याची घरघर सगळ्यांना ऐकू येत होती. दूधवालीने मान वाकडी करून आत पाहिलं. कट्ट्यामागे सासूबाई टाचण्या लावत होत्या, त्यांच्याकडेही पाहिलं.

"मशीन चालू झालं?"

"झालं."

"मग मी हे धुतलेले पडदे कशाला आणलेत," ती म्हणाली आणि गाठोडं काखेत मारलं. "दूध किती हवंय उद्या? दोन? पट्टी दे."

मी लिहिली. सासूबाईंनी टाका घातला. रांगेतले सगळे काही गेले नाहीत. पाववाला त्याच्या खोळी ठेवूनच गेला, न्हाव्यानेही टॉवेल दिले. पण झबलीवाली बाई परत फिरली, आणि तिच्यामागे आणखी बरेच.

६ एप्रिल, शनिवार

आठवड्याचा पगार दिला. मावशीला तिच्या, मेकॅनिकने जास्तीचं तेल घातलं त्याला दोन, आणि हिशेबात सासूबाईंचं नाव आपोआप लिहिलं गेलं. चार दिवस टाचण्या लावल्या, चार पट्ट्या. त्यांच्यापुढे धरल्या तर चिडल्या. "मला कशाला? मीच टाका घातलेली मलाच देतेस?" म्हटलं, कामाच्या आहेत. त्यांनी तीन परत केल्या आणि एक घेतली.

मावशीला नातू झाला. दवाखान्याने पट्ट्या घेतल्या.

२२ एप्रिल, सोमवार

बँक उघडली. कॅशियर बूट घालून कामावर गेला, पहिल्यांदाच इतका ताठ चालताना पाहिला. लोकांच्या हातात पुन्हा नोटा आल्या. कोऱ्या, करकरीत, त्यांच्यामागे काय असतं ते आता मला माहीत आहे आणि तरी मी त्या घेतल्या.

पट्ट्या परत येतायत. ज्याला कपडे धुवायचे तो धुवून नेतो, ज्याला नोटा हव्यात त्याला नोटा देते. सोनारकाकांनी त्यांच्या सत्तावीस मोजून दिल्या. म्हटलं, कपडे आणा. म्हणाले, "एका म्हाताऱ्याचे किती कपडे? नोटाच दे, चहाला लागतील."

२९ एप्रिल, सोमवार

रोजच्यासारखंच. अंग मोडून आलंय. कालपर्यंत तीन सोडून सगळ्या पट्ट्या आल्या. दोन कुठे हरवल्या असतील.

अकराच्या सुमाराला माणसं होती चार-पाच. मी खाली बघून पावती लिहीत होते. "पुढे," म्हटलं, तर कट्ट्यावर एक गाठोडं आलं. ओळखीची चादर. वर बघितलं तर सासूबाई रांगेत उभ्या. घरातून सरळ मागच्या दाराने आत येता येतं, तरी रस्त्याने वळसा घालून पुढून आल्या होत्या.

त्यांनी कनवटीची पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली.

"एक धुलाई," म्हणाल्या.

मी विचारलं, इतकी वर्षं का नाही आणले. त्या म्हणाल्या, "मशीन किती टिकेल कुणाला माहीत होतं. तुझं पोट त्यावर. माझ्या कपड्यांनी कशाला झिजवायचं?" मग मागच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पांढरे वेगळे धू. आणि पाणी जास्त तापवू नकोस."

मोठं मशीन रिकामं केलं आणि त्यांच्या तेवढ्याच कपड्यांसाठी पूर्ण पाणी लावलं. सहा-सात तर कपडे होते. त्या समोर स्टुलावर बसल्या आणि काचेतून कपडे फिरताना शेवटपर्यंत बघत राहिल्या.